चिमटा: झिपमधून हवी तेवढीच फाईल काढणाऱ्या लायब्ररीच्या नोंदी

१० जून

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं काम आमच्याकडे आहे. ड्रॉइंग, रिव्हिजन, तपासणी अहवाल यांचा हिशेब ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर. त्यांच्या गिऱ्हाइकाकडून प्रत्येक पार्टची एक झिप येते. तिच्यात पीडीएफ ड्रॉइंग, स्टेप फाईल (त्रिमितीय मॉडेल), डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंग), जुन्या कास्टिंगचे फोटो आणि कधी कधी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओसुद्धा असतो. पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनतात तिथे, यातलं एकच हवं असतं, ताज्या रिव्हिजनची पीडीएफ. आमचं सॉफ्टवेअर आज काय करतं? अख्खी झिप तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडतं, त्यात पीडीएफ शोधतं, ती दाखवतं आणि बाकीचा पसारा पुसतं. तिथला पीसी चार जीबी रॅमचा, डिस्क जुनी फिरणारी. पॅटर्न शॉपचे मामा परवा म्हणाले, "फिरतच बसतंय बघा सर ते. तवर माझा एक कोअर बॉक्स घासून हुतोय."

झिप बंद करा असं सांगायची सोय नाही. यांचं जुनं ऑफिस कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ तळमजल्याला होतं. २०१९ च्या पुरात तिथले कॉम्प्युटर पाण्यात गेले आणि तेव्हापासून शेठनी प्रत्येक पार्टची झिप करून दोन ठिकाणी ठेवायची शिस्त लावली. जुनी ड्रॉइंगंही आता झिपमध्येच आहेत.

म्हणून वेगळी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडून वापरता येईल असा कोड. नाव चिमटा. सी भाषेत, एक हेडर आणि एक सोर्स फाईल, बाहेरचं काही जोडायचं नाही. फक्त झिप, आणि झिपमध्येही फक्त दोन पद्धती: ० म्हणजे न दाबता ठेवलेली फाईल, ८ म्हणजे डिफ्लेट, झिपची नेहमीची दाबायची पद्धत. पासवर्डवाल्या झिप नाहीत. सेव्हन-झिप नाही, टार-जीझिप नाही. त्या दोघांत अडचण मुळातच आहे. टार-जीझिपमध्ये सगळ्या फाइली एकाच सलग प्रवाहात दाबलेल्या असतात, त्यामुळे शेवटची फाईल हवी असेल तर आधीच्या सगळ्या उकलाव्याच लागतात. सेव्हन-झिपचंही सॉलिड मोडमध्ये तसंच. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्र दाबलेली असते. यात थोडी जागा वाया जाते, पण आमचं सगळं काम त्या वाया गेलेल्या जागेवरच उभं आहे.

१२ जून

झिप शेपटाकडून वाचायची. फाइलीच्या अगदी शेवटी बावीस बाइटची एक नोंद असते, तिच्यात अनुक्रमणिका कुठे सुरू होते आणि एकूण फाइली किती ते लिहिलेलं असतं. अनुक्रमणिकेतली प्रत्येक नोंद ४६ बाइट अधिक नाव अधिक जादा माहिती अधिक टिप्पणी असेल तर ती. नाव, दाबलेला आकार, मूळ आकार, सीआरसी (डेटा बिघडलाय का ते ओळखायचा आकडा), फाईल नेमकी कितव्या बाइटपासून, सगळं तिथे. म्हणजे मोठ्या झिपमधली एक पीडीएफ काढायला डिस्कवर तीनच ठिकाणी जायचं: शेपूट, अनुक्रमणिका, आणि ती फाईल. व्हिडिओकडे बघायचंसुद्धा नाही.

रचना उलटी का, याचं उत्तर फ्लॉपीच्या काळात आहे. झिप जिच्यातून आली ते फिल कॅट्झचं सॉफ्टवेअर, पीकेझिप, १९८९ चं. यादी शेवटी ठेवली की नवी फाईल जोडताना आधीचा भाग हलवावा लागत नाही, आणि अनेक फ्लॉप्यांवर पसरलेल्या झिपची यादी शेवटच्या फ्लॉपीवर सापडते. "ही कितवी डिस्क" असा रकाना प्रत्येक झिपमध्ये अजून आहे. कॅट्झची आद्याक्षरं पी आणि के हीसुद्धा प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला आहेत. वर्डची डॉक्सएक्स, अँड्रॉइडची एपीके किंवा ईपब साध्या एडिटरमध्ये उघडून बघा, पहिली दोन अक्षरं हीच दिसतात, कारण आतून त्या सगळ्या झिपच.

शेपटाच्या नोंदीमागे टिप्पणी असू शकते, जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटची. म्हणून शेवटून तेवढं अंतर मागे जात खूण शोधायची. खूण सापडली म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. टिप्पणीच्या आतही तेच चार बाइट येऊ शकतात. नोंदीत लिहिलेली टिप्पणीची लांबी आणि फाइलीचा शेवट जुळला तरच ती खरी धरायची.

१४ जून

अनुक्रमणिकेत फाइलीची जागा मिळते ती तिच्या स्थानिक हेडरची. डेटा त्याच्या पुढे सुरू होतो. हेडर ३० बाइटचं, त्यामागे नाव, त्यामागे जादा माहिती. अनुक्रमणिकेतली जादा माहिती आणि स्थानिक हेडरमधली जादा माहिती वेगवेगळ्या लांबीची असू शकते, त्यामुळे अनुक्रमणिकेतली लांबी धरून उडी मारता येत नाही. हेडर वाचावंच लागतं. उलट आकार मात्र हेडरमधून घ्यायचा नाही. काही सॉफ्टवेअर झिप लिहिता लिहिताच पुढे पाठवतात, त्यांना आकार आधी माहीत नसतो. ते तिथे शून्य लिहितात आणि खरा आकार डेटानंतर जोडतात. अनुक्रमणिकेत तो बरोबर असतो.

फाइलीची वेळ डॉस पद्धतीची, १९८० पासून मोजलेली आणि दोन सेकंदांच्या टप्प्याची. टाइमझोन नाही. रिव्हिजन ताजी कोणती हे ठरवायला ही वेळ वापरायची नाही, असं आजच ठरवून टाकलं. रिव्हिजन फाइलीच्या नावातून आणि आमच्या रजिस्टरमधूनच घ्यायची.

२० जून

डिफ्लेट उकलणारा भाग स्वतः लिहिला. झेडलिब ही तयार लायब्ररी घ्यायला हरकत नव्हती. जाँ-लू गेली आणि मार्क अॅडलर यांचं ते काम १९९५ पासून जगभर चालतंय आणि ते मी तपासणीसाठी शेजारी ठेवलंच आहे. पण झेडलिब तुकड्यातुकड्यांत येणाऱ्या डेटासाठी बेतलेलं आहे. मध्येच थांबायचं, अवस्था लक्षात ठेवायची, पुन्हा सुरू करायचं. आपल्याला मूळ आकार अनुक्रमणिकेतून आधीच कळलेला आहे. तेवढी मेमरी एकदम घेऊन सरळ तिच्यात लिहीत सुटलं की निम्मी गुंतागुंत जाते. पूर्ण आउटपुट समोरच असल्यामुळे मागच्या ३२ केबीची वेगळी खिडकीही सांभाळावी लागत नाही.

डिफ्लेटचं वर्णन आरएफसी १९५१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे, १९९६ च्या. दोनच कल्पना. एक लेम्पेल आणि झिव यांची १९७७ ची: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहायचा नाही, "इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल" एवढंच लिहायचं. मागे जास्तीत जास्त ३२,७६८ बाइट, उचल ३ ते २५८ बाइटची. दुसरी हफमनची १९५२ ची: जे चिन्ह वारंवार येतं त्याला कमी बिट. स्टेप फाईल म्हणजे साधा मजकूर असतो, त्याच त्याच शब्दांच्या हजारो ओळी, त्यामुळे ती भरपूर दबते. पीडीएफच्या आत डेटा बहुधा आधीच डिफ्लेट केलेला असतो, तिथे झिपला फारसं काही उरत नाही.

लिहिताना खरी गंमत उचलण्याच्या भागात आहे. समजा आतापर्यंत फक्त "अ" आलाय आणि पुढचा हुकूम आहे "१ मागे जा, २५८ उचल". मागे एकच बाइट आहे, मग २५८ कुठून उचलायचे? उचललेला प्रत्येक बाइट लगेच पुढच्यासाठी "मागचा" होतो, म्हणून एक एक बाइट क्रमाने उतरवलं की अ-अ-अ अशी रांग तयार होते. इथे सरसकट मेमकॉपी (सीमधलं मेमरी एकदम उतरवणारं फंक्शन) वापरली तर चालत नाही, कारण घेण्याची आणि ठेवण्याची जागा एकमेकींवर येतात. आणि एकेक बाइट उतरवणं हळू. तोडगा असा: अंतर ८ किंवा जास्त असेल तर आठ-आठ बाइटचे तुकडे, अंतर १ असेल तर मेमसेट (एकच बाइट सगळीकडे भरणारं फंक्शन), मधल्यांसाठी साधं लूप. बफरच्या शेवटी थोडी जादा जागा ठेवली म्हणजे आठच्या तुकड्याने हद्द ओलांडली तरी पडझड होत नाही.

हफमनसाठी ६४ बिटांची साठवण. बिट कमी पडले की एकदम भरून घ्यायची आणि खालचे ११ बिट घेऊन टेबलात बघायचं. संकेत १५ बिटांपर्यंत असू शकतो, पण लांब संकेत क्वचित येतात, त्यांच्यासाठी दुसरं छोटं टेबल. एक जागा डोकं खाणारी: बिट उजवीकडून वाचायचे, पण हफमनचे संकेत डावीकडून भरलेले. टेबल बांधतानाच संकेत उलटे करून ठेवले की वाचताना त्रास नाही.

आणि त्या संकेतांच्या लांब्या ज्या क्रमाने येतात तो क्रम: १६, १७, १८, ०, ८, ७, ९, ६, १०, ५... पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी झोपेत लिहिलाय. ऑफिसातल्या ज्युनिअर मुलीने विचारलंच, "सर, ही छपाईची चूक आहे का?" नाही. क्वचित लागणाऱ्या लांब्या शेवटी ढकलल्या आहेत, म्हणजे यादी शेवटाकडून तोडता येते आणि काही बिट वाचतात. त्या काळी ते काही बिटही मोलाचे होते.

२६ जून

सीआरसी-३२. उकलून झालेल्या फाइलीचा हिशेब अनुक्रमणिकेतल्या आकड्याशी जुळला पाहिजे. पीडीएफ न दाबता ठेवलेली असेल तर उकलायचं कामच नसतं आणि सगळा वेळ सीआरसी खातो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये सीआरसीची तयार सूचना आहे, पण ती वेगळ्या बहुपदीची, सीआरसी-३२सी. झिपला ती लागू नाही. बाइटऐवजी एका वेळी आठ बाइट घेणारी टेबलं वापरली. ती एकूण आठ केबीची होतात, ती चालतात. तपासणी बंद करायचा पर्याय ठेवलेला नाही. कुणीतरी वेगासाठी तो बंद करणार आणि एखादा आकडा बिघडलेल्या ड्रॉइंगवरून लाकूड कापलं जाणार.

३ जुलै

नावांचा घोळ. हा भाग सगळ्यात किरकोळ असेल असं वाटत होतं.

फौंड्रीच्या ऑफिसात अहवालांची नावं मराठीत असतात. काही झिपमधली नावं आमच्या यादीत अशी दिसत होती की प्रत्येक अक्षराच्या जागी ग्रीक अल्फा, त्यापुढे डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन आणि मग काहीतरी तिसरंच. तीन-तीनच्या या गटांवरूनच रोग ओळखता येतो. यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं आणि पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले. तेच बाइट जुन्या आयबीएम पीसीच्या अक्षरसंचाने, कोडपेज ४३७ ने वाचले की अल्फा आणि एन दिसतात.

झिपमध्ये नाव यूटीएफ-८ आहे हे सांगायला एक झेंडा आहे, ११ क्रमांकाचा बिट. तो लावलेला नसेल तर कोडपेज ४३७ धरायचं असा नियम. पण मॅकवरून बनवलेल्या कितीतरी झिपमध्ये नाव यूटीएफ-८ असतं आणि झेंडा नसतो. मग चिमट्याचा नियम असा: झेंडा असेल तर विश्वास ठेवा. नसेल तर बाइट यूटीएफ-८ म्हणून शुद्ध आहेत का बघा, असतील तर यूटीएफ-८. नाहीतर ४३७. कोडपेजमधला मजकूर चुकून शुद्ध यूटीएफ-८ ठरणं शक्य आहे, पण देवनागरीच्या लांबीच्या नावात ते घडणं फार अवघड.

याच्यावर कडी म्हणजे "दुसऱ्या पाळीचा अहवाल". नाव यादीत नीट दिसतं, पण शोधल्यावर सापडत नाही. "पहिल्या पाळीचा अहवाल" सापडतो. बाइट उघडून बघितले तर दोष "ऱ" मध्ये. आपला कीबोर्ड ऱ हे एकच अक्षर टाइप करतो, युनिकोडमध्ये ०९३१, तीन बाइट. ही फाईल आली होती मॅकच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवरून. ती डिस्क नावं सुटी करून ठेवते, म्हणजे साधा र आणि त्यापुढे नुक्ता, मिळून सहा बाइट. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मराठीत हे टाळणं अशक्य: दुसऱ्या, शेतकऱ्यांची, कोपऱ्यातला, सगळीकडे ऱ. तुलना करताना दोन्ही नावं एका रूपात आणायची, वापरणाऱ्याला देताना मात्र नाव झिपमध्ये आहे तसंच. पूर्ण युनिकोडची टेबलं घातली असती तर लायब्ररी फुगली असती. सध्या देवनागरी आणि लॅटिन एवढ्यापुरतंच केलंय. कन्नड नावांची झिप बेळगावकडून येईल त्या दिवशी बघू.

९ जुलै

आलेल्या झिपवर विश्वास किती ठेवायचा? या फौंड्रीत झिप ईमेलने येते, पेनड्राइव्हने येते आणि बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर येते. नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून फाईल फोल्डरच्या बाहेर, भलत्याच ठिकाणी लिहायला लावता येते. हा प्रकार जुनाच, २०१८ मध्ये "झिप स्लिप" या नावाने गाजला तेव्हा अनेक मोठ्या प्रकल्पांत सापडला. विंडोजवर उलटी तिरकी रेघ, ड्राइव्हचं अक्षर आणि राखीव नावं यांचीही भर.

नावं साफ करून वापरणारी लायब्ररी मला पटत नाही. काहीतरी सुटतंच. त्यामुळे चिमटा स्वतः डिस्कवर काहीच लिहीत नाही. तो मेमरीत बाइट देतो, आणि कुठल्या नावाने कुठे ठेवायचं ते वापरणाऱ्याने ठरवायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते नाव झिपमधून घेतलंच जात नाही, पार्ट नंबरवरून बनतं. विषय संपला.

दुसरी भीती फुगणाऱ्या झिपची. डिफ्लेटमध्ये २५८ बाइट उचलायचा हुकूम कमीत कमी दोन बिटांत बसतो, म्हणजे एका बाइटमागे चार हुकूम, १,०३२ बाइट. याच्यापेक्षा जास्त फुगणं डिफ्लेटला शक्यच नाही. अनुक्रमणिकेत त्याहून मोठा आकार लिहिला असेल तर मेमरी मागायच्या आधीच झिप नाकारायची. २०१९ मध्ये डेव्हिड फायफील्ड यांनी १० एमबीच्या झिपमधून २८१ टीबी काढून दाखवले ते वेगळ्या युक्तीने. अनेक नोंदी एकाच दाबलेल्या तुकड्याकडे बोट दाखवत होत्या. म्हणून फाइलींच्या हद्दी एकमेकींत घुसतात का हेही उघडतानाच तपासतो. क्रम लावून एकदा फिरलं की झालं.

१७ जुलै

सकाळपासून धो धो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांखाली आहे, पण शिरोलीला लाईटचा लपंडाव सुरू. यूपीएस आहे, त्याची बॅटरी नावापुरती.

यातून एक काम निघालं. पीडीएफ डिस्कवर उतरत असतानाच लाईट गेली तर बरोबर नावाची अर्धी फाईल मागे राहते. आता तात्पुरत्या नावाने लिहायचं, डिस्कवर पक्कं उतरलं की मग नाव बदलायचं. विंडोजवर आणखी एक फांदी: जुनी पीडीएफ कुणी उघडून ठेवली असेल तर तिच्या नावावर नवी आणता येत नाही, आणि पॅटर्न शॉपमध्ये ती दिवसभर उघडीच असते. म्हणून नावातच सीआरसी आणि आकार घातले. नवी रिव्हिजन म्हणजे नवं नाव, भांडण नाही.

याचा फायदा दुसरीकडेच झाला. सीआरसी आणि आकार अनुक्रमणिकेत आधीच लिहिलेले असतात. त्या नावाची फाईल डिस्कवर असेल तर उकलायचीच गरज नाही. त्याच ड्रॉइंगसाठी मामा दिवसातून अनेकदा येतात. आता पहिल्यांदा सोडलं तर बाकी वेळी चिमटा फक्त यादी वाचतो. डिफ्लेटच्या लूपमध्ये रात्री घालवून जेवढं कमावलं त्याच्यापेक्षा या एका नावाने जास्त मिळवून दिलं.

२५ जुलै

शेठच्या पुतण्याने विचारलं की चार कोअर आहेत तर चारही का वापरत नाही. महिन्याचे अहवाल काढताना झिपमधल्या सगळ्या फाइली लागतात, तिथे प्रश्न रास्त आहे. करून पाहिलं. माझ्या लॅपटॉपच्या एसएसडीवर ठळक फरक. फौंड्रीच्या पीसीवर चार थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या चार कामांनी) उलट हळू, कारण फिरणाऱ्या डिस्कचं डोकं चार ठिकाणी नाचतं. तिथे एकाच थ्रेडने, पण फाइली यादीच्या क्रमाने न घेता झिपमधल्या जागेच्या क्रमाने वाचल्या तर बरं जातं. यादीचा क्रम आणि डेटाचा क्रम एकच असेल असं नाही. मूळ सेटिंग एक थ्रेडच ठेवलं. थ्रेड हवे त्याने मागून घ्यावेत.

३१ जुलै

मोडक्या झिप बनवून चिमट्यावर सोडतोय. हफमनची लांबी जास्त भरलेली, लांबी अपुरी, अंतर सुरुवातीच्याही मागे जाणारं, मध्येच तुटलेली फाईल. अपुऱ्या टेबलाला एक सूट द्यावी लागते: अंतराचा एकच संकेत असेल तर तो एका बिटाचा चालतो, आरएफसीतच तसं म्हटलंय. ती सूट न देणारे उकलक काही चांगल्या झिपही नाकारतात.

४ जीबीच्या वरच्या किंवा ६५,५३५ हून जास्त फाइलींच्या झिपसाठी झिप६४ लागतं. वाचण्यापुरतं घातलंय. आकाराच्या रकान्यात सगळे बिट एक दिसले की खरा आकडा जादा माहितीत बघायचा, बस्स.

६ ऑगस्ट

शिरोलीत बसवलं. मामांनी पार्ट नंबर टाकला, एंटर मारला आणि माझ्याकडे बघत राहिले, सवयीने. मी म्हटलं, "मामा, आलंय की समोर." ते स्क्रीनकडे वळले, चष्मा वर केला, रिव्हिजनचा चौकोन वाचला. "झालं बी?" मग लगेच दुसरा पार्ट, तिसरा. चौथ्याला लाल पाटी आली: सीआरसी जुळत नाही. जुन्या सॉफ्टवेअरने ही झिप आतापर्यंत बिनबोभाट उघडली होती. दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीतली तीच झिप तपासली तर ती चांगली. इकडची प्रत डिस्कवर बिघडलेली. पीडीएफचा पहिला भाग ठीक होता, दुसऱ्या पानावरचं सेक्शन गायब. शेठना डिस्क बदला म्हणून सांगितलंय, आणि तोवर सगळ्या झिपची एकेकदा तपासणी रात्रीची लावली आहे.

निघताना मामांनी गाठलं. "सर, त्या पुस्तकांच्या गठ्ठ्याचं चित्र असतंय, त्ये न्हाई उघडत हो यात." म्हणजे रार. एका गिऱ्हाइकाकडून अजून तसंच येतं. त्याची बांधणी वेगळी, आणि चिमट्यात ते घ्यायचं नाही हे ठरलेलं आहे. गिऱ्हाइकाला झिप पाठवायला सांगा, असं पुतण्याला सांगून आलो. तो म्हणाला, आधी त्यांचं पेमेंट येऊ दे, मग सांगतो.